एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही

म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा असो, शिरगावच्या लईराईची असो की जुन्या गोव्याचे सायबाचे फेस्त असो, आम्हा गोंयकारांची खेळण्यांची खरी बाजारपेठ म्हणजे ही फेरी. एका बाजूला खाज्यांच्या राशी, दुसऱ्या बाजूला पिपाण्या, फुगे, बाहुल्या आणि पत्र्याच्या मोटारी. कुंकळ्ळीच्या चितारींनी लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी आणि शेजारच्या सावंतवाडीची लाकडी फळे हे आमचे जुने वैभव. पत्र्याची एक बोटही मिळायची. तिच्या पोटात मेणबत्तीचा तुकडा पेटवून ती घमेल्यातल्या पाण्यात सोडली की फट्फट् करीत फिरायची. हात भाजायचा, पण जाळ डोळ्यांना दिसत असे. कशाला हात लावू नये हे पोराला सांगावे लागत नसे.

आता त्याच फेरीत चमकणारी अंगठी मिळते, आपटली की लुकलुकणारा चेंडू मिळतो, गाणे म्हणणारा मोबाईल मिळतो. जाळ कुठेच नाही. सगळे काम खेळण्याच्या पोटातल्या विजेने होते, आणि ती वीज दिसत नाही. या लेखात मला जुन्या खेळण्यांचे गोडवे गायचे नाहीत. खेळण्याच्या पोटात वीज शिरल्यावर जगात काय काय घडले, आणि विकलेली वस्तू घरोघरून परत बोलावण्याची चाल कशी पडली, तेवढे सांगायचे आहे. इंग्रजीत तिला 'रिकॉल' म्हणतात. आपल्या भाषेत तिला अजून सुटसुटीत शब्द नाही. शब्द नाही, कारण आपल्याकडे ती चालच नव्हती! आपल्या दुकानांत गल्ल्यामागच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली जी पाटी असायची, तीच मी या लेखाच्या मथळ्यावर घेतली आहे.

विजेच्या खेळण्यांची सुरुवात साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. १९०१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कोवेन या माणसाने रुळांवरून फिरणारी एक छोटी गाडी बनवली. ती मुलांसाठी नव्हतीच. दुकानाच्या काचेत माल फिरता दाखवून गिऱ्हाइकाचे लक्ष वेधावे, एवढाच हेतू होता. पण लोक माल सोडून गाडीच विकत मागू लागले, आणि त्यातून 'लायोनेल' हा आगगाड्यांचा प्रसिद्ध छाप उभा राहिला. घरोघरी वीज पोचायची होती, म्हणून ती गाडी बॅटरीवर चाले.

खरी लाट आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानमधून. पत्र्याचे यंत्रमानव, झांजा वाजवणारी माकडे, दिवे लुकलुकवत धावणाऱ्या पोलिसांच्या मोटारी. १९५० नंतरच्या दशकात ही खेळणी जगभर गेली. मुक्तीपूर्वीच्या गोव्यात परदेशी माल सहज मिळत असे, हे जुन्या पिढीला सांगायला नको. पुढे तारवटी आणि आखातात नोकरीला गेलेले लोक सुट्टीवर येताना पेटीतून अशी खेळणी आणू लागले. अनेक घरांत ती काचेच्या कपाटात बंद असत. पाहुणे आले की बाहेर काढायची, दोन मिनिटे चालवायची, सेल काढून पुन्हा कपाटात. पोरांच्या वाट्याला नुसते बघणे!

त्या काळचा सेल म्हणजे जस्ताचा साधा सेल, दीड व्होल्टचा. आपल्याकडे तो बहुधा एव्हरेडीचा असायचा, मांजराच्या चित्राचा. हा छाप युनियन कार्बाइडच्या भारतातल्या कंपनीचा, म्हणजे डिसेंबर १९८४ च्या भोपाळच्या त्या काळरात्रीशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, त्याच कंपनीचा. पुढे १९९४ मध्ये तिची मालकी बदलली आणि मग नावही बदलले. असो. मुद्दा असा की तो जुना सेल दुबळा होता. फार तर फुटायचा, चिकट पाणी गळायचे, खेळण्याच्या पट्ट्या गंजायच्या. त्याच्याने घर पेटत नसे. खेळणी सुरक्षित होती ती बनवणाऱ्याच्या शहाणपणामुळे नव्हे, सेलच्या दुबळेपणामुळे. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली मला इथे दिसते. सेल जसजसा बळकट होत गेला, तसतसा प्रत्येक वेळी एक नवा धोका पुढे आला, आणि कायदा दर वेळी त्याच्यामागून धापा टाकीत आला.

अमेरिकेत खेळण्यांसंबंधीचा महत्त्वाचा कायदा १९६९ चा. विजेचा, यांत्रिक किंवा उष्णतेचा धोका असलेल्या खेळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी आयोगाचे काम सुरू झाले. या कायद्यात एक कलम फार मोलाचे आहे. आपल्या मालात लोकांना गंभीर इजा करू शकेल असा दोष असल्याची माहिती उत्पादकाला मिळाली, तर त्याने चोवीस तासांच्या आत ती आयोगाला कळवली पाहिजे. चौकशीसाठी कोणी दारात येईपर्यंत गप्प बसायची मुभा नाही.

या कलमाची खरी कसोटी लागली ती मुलांनी बसून चालवायच्या मोटारींच्या प्रकरणात. 'पॉवर व्हील्स' या नावाच्या या गाड्या १९८४ पासून अमेरिकेत विकल्या जात होत्या. छोटी जीप, छोटा ट्रक, छोटी स्पोर्ट्स मोटार. पोराने आत बसायचे, पायाखालचे पेडल दाबायचे, गाडी अंगणातून चालू लागते. किंमत ७० पासून ३०० डॉलरपर्यंत. आता आपल्याकडेही पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाला आजोबा नातवाला अशी मोटार घेऊन देतात, त्यामुळे वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. १९९४ मध्ये हा धंदा मॅटेल कंपनीने विकत घेतला आणि तिच्याच फिशर-प्राइस या शाखेकडे तो आला.

वीस किलोचे मूल आणि वर गाडीचे वजन, हे ओढायला मनगटी घड्याळाचा सेल काय कामाचा? या गाड्यांत सहा किंवा बारा व्होल्टची शिशाची बॅटरी असते, आपल्या स्कूटरमधल्या बॅटरीची धाकटी बहीण म्हणा. व्होल्ट कमी, म्हणून शॉक बसत नाही, आणि म्हणूनच आईबाप निर्धास्त असतात. पण आग लागायला व्होल्ट लागत नाहीत, प्रवाह लागतो. चढावर गाडी अडली किंवा गवतात चाक रुतले, तरी पोराचा पाय पेडलवरच असतो. मोटर जास्त प्रवाह खेचते. एखादी जोडणी सैल किंवा कमकुवत असली, तर सगळी उष्णता त्या एका जागी साठते. प्लास्टिक मऊ होते, वितळते, आणि पेटते. गाडीचा सगळा सांगाडा प्लास्टिकचा, आणि वर बसलेले मूल चार वर्षांचे.

२२ ऑक्टोबर १९९८ रोजी आयोग आणि कंपनी यांनी मिळून जाहीर केले की अशा एक कोटीपर्यंत गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवण्यात येत आहेत. एक कोटी! जवळजवळ शंभर वेगवेगळ्या नावांनी त्या विकल्या गेल्या होत्या. विजेचे भाग तापल्याच्या सुमारे ७०० तक्रारी आल्या होत्या, आणि आगीच्या घटना होत्या १५० च्या आसपास. नऊ मुलांचे हात, पाय किरकोळ भाजले होते. बावीस घरांचे किंवा गॅरेजांचे मिळून तीन लाख डॉलरपर्यंत नुकसान झाले होते. शिवाय गाडी थांबतच नाही अशा ७१ तक्रारी होत्या. पोर पेडल सोडते आणि गाडी मात्र पुढेच जाते. खांबावर, कुंपणावर आदळून सहा मुलांना थोडे लागले होते. सुदैवाने कोणाचा जीव गेला नव्हता. पालकांना सांगण्यात आले की बॅटरी आताच्या आता काढा, आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलांना गाडी देऊ नका. दुरुस्ती फुकट.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की वा, केवढी जबाबदार कंपनी! पण गोष्ट इथे संपली नाही. जून २००१ मध्ये याच कंपनीने ११ लाख डॉलरचा दंड भरायचे मान्य केले. आयोगाचा आरोप असा की आगींची माहिती कंपनीकडे फार आधीपासून येत होती, आणि कायद्याप्रमाणे ती वेळेवर कळवली गेली नाही. दंड सदोष गाडी बनवल्याबद्दल नव्हता. दोष कळल्यावर गप्प राहिल्याबद्दल होता. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. चूक कोणाच्याही हातून होते, कारखानदाराच्याही. पण चूक ठाऊक असताना घालवलेल्या प्रत्येक दिवशी कुठल्या तरी अंगणात कुठले तरी पोर त्या गाडीत बसलेले असते.

आणखी एक गोष्ट. चौदा वर्षे विकलेला माल परत बोलावणार कसा? खेळणे एका घरात राहत नाही. मोठ्या भावाचे धाकट्याला, धाकट्याचे मावसभावाला, तिथून शेजाऱ्याला. अमेरिकेत तर जुन्या वस्तू अंगणात मांडून विकायची पद्धतच आहे. कंपनीने कितीही जाहिराती दिल्या, तरी तिसऱ्या हातात गेलेल्या गाडीपर्यंत ती हाक पोचेल याची खात्री कोण देणार? वर्तमानपत्रात बातमी येते, चार दिवस चर्चा होते, पाचव्या दिवशी ती रद्दीत जाते. गाडी मात्र गॅरेजमध्ये तशीच उभी.

आगीचा धोका निदान डोळ्यांना दिसतो, धुराचा वास येतो. पुढचा धोका आला तो आवाज न करता. चांदीच्या रुपयासारखा चकचकीत, गोल, पातळ सेल. घड्याळांतून आणि कॅल्क्युलेटरांतून तो आपल्या ओळखीचा झाला. त्यातला सर्वांत घातक ठरला तो लिथियमचा, तीन व्होल्टचा, वीस मिलिमीटर व्यासाचा. बहुतेक वेळा त्याच्यावर सीआर २०३२ असा आकडा असतो. यातल्या 'वीस'चा अर्थच वीस मिलिमीटर आणि 'बत्तीस'चा अर्थ ३.२ मिलिमीटर जाडी.

लहान मुलाची अन्ननलिका अरुंद. हा सेल गिळला तर तो नेमका तिथे अडकू शकतो. लोकांचा समज असा की सेल फुटून आतले विष बाहेर येते. तसे नव्हे. सेल जसाच्या तसा असतो. त्याच्या दोन्ही बाजू ओल्या मांसाला टेकतात, सर्किट पुरे होते, आणि वीज वाहू लागते. त्या विजेने सेलच्या ऋण बाजूपाशी कॉस्टिक सोड्यासारखे जळजळीत क्षार तयार होते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. 'मेलेला' म्हणून फेकलेला सेलही पुरेसा जिवंत असतो. घड्याळ चालवायला त्याची ताकद पुरत नाही, पण जाळायला पुरते. सेल काढल्यावरही जखम आत आत वाढत राहू शकते, आणि काही मुले सेल निघाल्यानंतर, कित्येक दिवसांनी, मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव होऊन दगावली आहेत.

आणि लक्षणे काय? लाळ गळते, खोकला येतो, मूल जेवत नाही. म्हणजे कुठल्याही सर्दीतापाची. मूल बोलते नसले तर काहीच कळत नाही. एक्स-रेमध्येसुद्धा घाईत पाहिले तर तो नाण्यासारखा दिसतो. नीट पाहिले तर कडेला दुहेरी वर्तुळ दिसते.

अमेरिकेत गिळलेल्या सेलांची माहिती गोळा करणारी एक दूरध्वनी सेवा १९८२ पासून चालू होती. टोबी लिटोविट्झ या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली आणि देशभरच्या विषबाधा केंद्रांची कित्येक वर्षांची आकडेवारी तपासून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८५ ते २००९ या काळात सेल गिळण्याच्या घटनांमध्ये गंभीर किंवा जीवघेण्या परिणामांचे प्रमाण ६.७ पट झाले होते. सहा वर्षांखालच्या ज्या मुलांनी वीस ते पंचवीस मिलिमीटरचे सेल गिळले, त्यांच्यातल्या १२.६ टक्क्यांवर गंभीर परिणाम झाला किंवा ती दगावली. दर आठांत एक! आणि सहा वर्षांखालच्या शंभरांतल्या सुमारे बासष्ट मुलांनी सेल थेट एखाद्या वस्तूतून काढून तोंडात घातला होता.

आता गंमत पाहा, अर्थात गंमत म्हणवत नाही. प्रमाणित खेळण्यात सेलचा कप्पा स्क्रूने बंद असतो. तो उघडायला पेचकस लागतो, कारण खेळण्यांचे नियम तसे सांगतात. पण टीव्हीचा रिमोट हे खेळणे नव्हे. उघडले की गाणारे शुभेच्छापत्र हे खेळणे नव्हे. प्लास्टिकची लुकलुकणारी पणती हे खेळणे नव्हे. कायद्याच्या दृष्टीने नव्हे! दीड वर्षाच्या मुलाला विचारा, त्याच्या हातात येईल ते सगळे खेळणेच. लिटोविट्झबाईंच्या अभ्यासात वीस मिलिमीटरच्या लिथियम सेलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त सेल रिमोटसाठीचे होते. म्हणजे खेळण्याला कुलूप लावले आणि बाजूचे दार उघडे राहिले.

हे दार लावायला फार वर्षे गेली. तीन मुले दगावल्यानंतर ऑस्ट्रेलियाने असे सेल असलेल्या सगळ्या ग्राहकोपयोगी वस्तूंना सक्तीचे नियम लावले. ते २२ जून २०२२ पासून अमलात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'रीझचा कायदा' झाला. रीझ ही दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला सेल गिळून डिसेंबर २०२० मध्ये गेली होती. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि कायद्याला मुलीचे नाव मिळाले. जगभरच्या सुरक्षिततेच्या नियमांची पाने उलटली तर प्रत्येक कलमामागे असे एखादे घर असते.

मधल्या काळात तिसरी बॅटरीही येऊन गेली होती, लिथियम-आयनची, आपल्या मोबाईलमधली. २०१५ च्या नाताळात अमेरिकेत दोन चाकांच्या, आपोआप तोल सांभाळणाऱ्या फळ्या भेट देण्याची टूम निघाली. हॉव्हरबोर्ड त्यांचे नाव. त्या पेट घेऊ लागल्या, आणि जुलै २०१६ मध्ये एकदम ५,०१,००० फळ्या परत मागवाव्या लागल्या. छाप दहा, पण दोष एकच, बॅटरी.

आता आपल्याकडे वळू. २००७ मध्ये मॅटेलने चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवली, कधी रंगातल्या शिशामुळे, कधी सुट्या होणाऱ्या लोहचुंबकांमुळे. तेव्हापासून आपल्याकडे सगळे खापर 'चायना माल' या दोन शब्दांवर फुटू लागले. त्याच सप्टेंबरमध्ये मॅटेलच्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन मान्य केले की लोहचुंबकांचा दोष बहुतांशी कंपनीच्याच आराखड्यातला होता. ते कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. जानेवारी २००९ मध्ये भारताने चिनी खेळण्यांच्या आयातीवर बंदी घातली आणि मार्चमध्ये प्रमाणपत्राच्या अटीवर ती सैल केली. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातून १२१ नमुने घेऊन तपासले, त्यांतले सुमारे ६७ टक्के नापास झाले. अखेर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. विजेवर आणि सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळे मानक आहे.

कायदाही बदलला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणले. जुलै २०२० पासून ते काम करू लागले. धोकादायक माल परत मागवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्याला आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे गल्ल्यामागच्या त्या पाटीला सदोष मालापुरता तरी कायद्याचा आधार उरलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सांगितले की महिनाभरात मोठमोठ्या दुकानांतून चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त झाली.

पण मोठ्या दुकानाला दार असते, पावती असते. माल परत मागवायला हाक मारणारा लागतो, आणि ज्याला मारायची त्याचा पत्ता लागतो. फेरीतल्या लुकलुकणाऱ्या चेंडूवर बनवणाऱ्याचे नाव नसते. विकणारा उद्या दुसऱ्या जत्रेत. घेणारा कोण, हे कुठेच लिहिलेले नसते. अशा खेळण्याला कोण कुठून परत बोलावणार? अमेरिकेत एक कोटी गाड्यांना निदान एकच मालक होता, म्हणून आयोगाला त्याची मानगूट धरता आली. आपल्या जत्रेतला माल अनाथ आहे. त्याचा आयोग म्हणजे घेणाऱ्याचे दोन डोळे. फेरीवाल्यावर राग काढण्यात अर्थ नाही. तो पोटासाठी मिळेल ते विकतो, आणि त्याचे स्वतःचे पोरही त्याच ढिगात खेळत असते.

तेव्हा मंडळी, खेळणे घेताना एकदा उलटे करून बघा. सेलचा कप्पा नखाने उघडतो की पेचकसाने? नखाने उघडत असेल तर ते लहान मुलाच्या हाती देऊ नका. चवथीच्या मखरातल्या आणि नाताळाच्या गोठ्यातल्या लुकलुकणाऱ्या पणत्या उत्सव संपल्यावर मोजून उचला. जुना सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून टाका. मुलांच्या मोटारीची बॅटरी रात्रभर कोणाच्या नजरेआड चार्जिंगला ठेवू नका.

आणि मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट पाहू नका. ओकारी काढू नका, घास भरवू नका, थेट मोठे इस्पितळ गाठा आणि एक्स-रे मागा. मूल एक वर्षाहून मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, फार तर सहा वेळा, असे अमेरिकेतले विषबाधातज्ज्ञ सांगतात. मधाने जखमेचा वेग कमी होतो. पण मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही, आणि मध हा इस्पितळाला पर्याय नाही.

त्या मेणबत्तीच्या बोटीवर कुठला शिक्का नव्हता. तिचा धोका कळायला पोराला एक चटका पुरे होता. सेल असा इशारा देत नाही. तो इशारा आता मोठ्यांनीच द्यायला हवा, आणि जत्रेच्या गर्दीत, पोर हट्ट धरून बसलेले असताना, द्यायला हवा. तेव्हा मागून कोणी परत बोलावणार नाही.